लिओन्सिओच्या नावाची बाटली

३ मार्च १९९७, सोमवार

आज आलेला माल आणि सोलमध्ये किंमत: बकऱ्याचं काळं चामडं चाळीस फूट, एकशे साठ सोल. अस्तराचं कापड दहा मीटर, पंचेचाळीस. सोल्युशनचा डबा एक, छत्तीस. कडांना लावायचा काळा रंग दोन लिटर, बावीस. थिनर एक लिटर, सात. तांदूळ पाच किलो, नऊ. मेणबत्त्या पाच, एक सोल. माझ्या गोळ्या दहा, पाच सोल.

शाळा उघडायला चार आठवडे राहिले आणि लिओन्सिओने एकशे वीस जोड शाळकरी बूट कबूल करून ठेवलेत. आमच्या बूटवाल्यांच्या वस्तीत, एल पोर्वेनीरमध्ये, या महिन्यात देवळाच्या पायरीवरसुद्धा कुणी रिकामं बसत नाही. तो कापतो, शिवतो, साच्यावर चढवतो. मी काही काम करत नाही, घरातच असते. स्वयंपाकाच्या टेबलावर बसून कडा रंगवते आणि तळांना सोल्युशन लावते, एवढंच. रविवारी प्रसाद घेताना फादरना बोटं दिसू नयेत म्हणून शनिवारी लिंबाने घासते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बोटं काही गोरी झाली नाहीत.

सोमवार म्हणून गहू-कडधान्यांचं शांबार केलं. डुकराची कातडी न घालता. लिओन्सिओ म्हणाला, "उपासाचा महिना आहे की काटकसरीचा?" मी म्हटलं, "दोन्ही."

गोळ्या सहाव्यांदा घेतल्या. आरोग्यकेंद्रातली बाई म्हणते, जळजळ आहे, आणि लाल दिसतं ते वयाचं. "सत्तेचाळिसाव्या वर्षी सगळ्याच बायकांचं असं गडबडतं, आई. पाणी प्या." पाणी पिते. पाण्याला औषधासारखे पैसे पडत नाहीत, तेवढं बरं.

६ मार्च

सकाळी लिओन्सिओ मागल्या अंगणातून ओरडला. "एतेल्विना! अगं म्हातारे, धाव! मला रक्त जातंय!"

जाऊन पाहिलं. पाण्यात डाळिंबाचा दाणा फुटावा तेवढं. माझ्यापेक्षा फिकंच. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी. माझ्यातल्या दोन गोळ्या घे."

तो भडकला. "बायकांच्या गोळ्या मी घेऊ? पुरुषाला रक्त जाणं म्हणजे काय चेष्टा आहे?"

तेही खरंच. पुरुषाला रक्त जायचं कारणच काय? झोइलाने तिच्या नवऱ्याची गाडी काढायला लावली. ती आमच्या लेकीची, नेलिदाची, धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. दहाच्या आत त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. रंगवायचे बारा जोड तसेच राहिले, ते आल्यावर संपवले.

१० मार्च

आज त्याला दुर्बिणीची नळी घालून पाहिलं. चार दिवसांत नंबर लागला, ओतुस्कोच्या देवळातल्या माउलीचीच कृपा. लघवीच्या पिशवीत हरभऱ्याएवढी गाठ आहे. कॅन्सर म्हणाले.

डॉक्टर चांगले आहेत. त्याला उस्ताद म्हणतात. "काम काय, उस्ताद? बूट? किती वर्षं? रंग, थिनर, सोल्युशन, सगळं हाताने?" तीस वर्षं, हा म्हणाला. त्यांनी एकेक लिहून घेतलं. म्हणाले, या धंद्यात होतो हा रोग. मग माझ्याकडे वळले, "आणि आई, तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "मी घरीच असते." ते काही लिहिलं नाही.

"लवकर आलात म्हणून वाचलात, उस्ताद. येत्या सोमवारी किंवा मंगळवारी काढून टाकू."

लिओन्सिओ व्हरांड्यात बसून रडला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझंही डॉक्टरांना सांगावं असं एकदा मनात आलं. पण नवऱ्याला कॅन्सर, आणि मी माझी जळजळ काय घेऊन बसू.

१६ मार्च, रविवार

त्याच्या खर्चासाठी कोंबडीच्या पानांची पोयादा झाली. दोनशे कार्डं, पाच सोलला एक. कार्ड दाखवलं की पान मिळतं, कोंबडीचा तुकडा, बटाटे आणि पाला. उपासाचा काळ असला तरी आजाऱ्यासाठी म्हणून फादरनी हो म्हटलं. पन्नास कोंबड्या मी आणि झोइलाने काल साफ करून लाल मिरची, जिरं आणि लसणीत मुरवल्या. दारावर फलक: उस्ताद लिओन्सिओच्या प्रकृतीसाठी. तो पांढरा सदरा घालून दारात बसला होता, येणारा प्रत्येक जण मिठी मारत होता.

"अरे, कॅन्सर झालाय की लग्न?" कुणीतरी ओरडलं.

"लग्न झालं म्हणून तर कॅन्सर झाला!" लिओन्सिओ म्हणाला. सगळे हसले, मीही हसले.

खर्च वजा जाता सहाशे चाळीस सोल. मी अकरा तास कढईपाशी उभी होते. मधून चार वेळा अंगणात जावं लागलं. शेवटच्या वेळी रक्ताच्या गाठी पडल्या. चुलीची उष्णता बाधली असणार.

२१ मार्च

मंगळवारी गाठ काढली. सगळी निघाली म्हणतात. माउलीला पाच मेणबत्त्या, त्याला शोरबा. मी बाकावर तीन रात्री काढल्या. शेजारच्या वॉर्डात बायका आहेत. त्यांच्यापाशी बसणारी कुणी बहीण, कुणी मुलगी. नवरे दिसले नाहीत. कामाला गेले असतील.

१७ जून, मंगळवार

तीन महिन्यांची तपासणी. सकाळची पहिली लघवी नेऊन द्यायची असते. जुलैच्या सणाची ऑर्डर असल्याने लिओन्सिओ म्हणाला, "बाटलीला पाय नाहीत, पण तुला आहेत ना?" मीच नेली.

बसमध्ये एका बाईने बटाट्याचं पोतं माझ्या मांडीवर टेकवलं आणि बाटलीचं झाकण उडालं. पिशवी, जपमाळ, सगळं भिजलं. लॅबची खिडकी नऊला बंद होते. आजचा दिवस चुकला की पुढचा नंबर पाच आठवड्यांनी, पहाटे रांग वेगळी, बसभाडं वेगळं. हातात रिकामी बाटली, वर पट्टीवर त्याचं नाव, माझ्याच अक्षरात.

बाटली नळाखाली विसळली आणि दवाखान्याच्या संडासात जाऊन माझी भरली. माझ्यात काही नसतं हे आठ वेळा सांगून झालंय. त्याच्यातही आता काही नाही. मग फरक तो काय? रंग जरा कोऱ्या चहासारखा होता. खिडकीतल्या माणसाने मान वर केली नाही.

खोटं ते खोटंच. शनिवारी फादरपुढे सांगेन.

२० जून

कोपऱ्यावरच्या दुकानात दवाखान्याचा फोन आला. उस्ताद लिओन्सिओंना मंगळवारी सकाळी ताबडतोब पाठवा. लघवीत वाईट पेशी सापडल्या आहेत, पुष्कळ.

लिओन्सिओ पिवळा पडला. हातातला साचा खाली ठेवायचंही त्याला सुचेना. "म्हातारे," म्हणाला, "या वेळी मी वाचत नाही."

मी सांगितलं नाही. मी विसळली तरी बाटलीत त्याचे चार थेंब राहिले असणार, आणि त्या चार थेंबांतच त्यांना दिसलं. यंत्रं फार बारीक असतात. आणि मी पाच आठवडे वाचवायला खोटं बोलले, त्याची शिक्षा माउलीने मला नाही, त्याला दिली. जेवण गेलं नाही. गुडघे दुखेपर्यंत जप केला.

२४ जून

त्याला पुन्हा नळी घातली. मी दाराबाहेर उभी होते. आतून डॉक्टरांचा आवाज, "इथे तर लख्ख आहे." मला आत बोलावलं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. म्हणाले, पिशवीत नाही म्हणजे वर, मूत्रपिंडाकडे असणार. आधी आतून फोटो काढू, मग कदाचित उघडून बघावं लागेल.

"उघडून म्हणजे?" लिओन्सिओने विचारलं.

"म्हणजे कापून, उस्ताद."

त्याने पलंगाचा गज धरला. मग मला राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, याला कापू नका. ती लघवी याची नव्हती."

"मग कुणाची?"

"माझी. बाटली बसमध्ये सांडली. माझ्यात काही नसतं म्हणून मी भरली. नुसती जळजळ आहे माझी, गोळ्या चालू आहेत."

डॉक्टर संतापले. "आई, हा काय पोरखेळ आहे? माझा वेळ, यंत्राचा वेळ, या माणसाला उगाच पुन्हा नळी घातली!"

लिओन्सिओ हसत सुटला. "म्हणजे मला काही नाही? अगं म्हातारे, जीव घेतलास की माझा! मला काही नाही!" त्याने मला मिठी मारली, इतक्या लोकांत. मीही रडत हसत होते. डॉक्टरांचाही राग उतरला. "जा उस्ताद, माझ्या नावाने एक बीअर प्या."

परिचारिका नोर्का कागद घेऊन तशीच उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर, मग या पेशी कुणाच्या?"

लिओन्सिओ पट्टा बांधत होता.

घरी येताना त्याने सहा बाटल्या बीअर घेतली, एकवीस सोल. आनंदाचा दिवस आहे. तो बरा आहे आणि माझं खोटं निस्तरलं. निघताना नोर्काने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "सेन्योरा, किती दिवस रक्त जातंय?" मी दिवस सांगायला लागले तर तिने डोळे मिटले.

२ जुलै

मोठ्या दवाखान्यात मला सरळ घेत नाहीत, आरोग्यकेंद्राची चिठ्ठी लागते. तिथल्या बाईला नोर्काने लिहून दिलेला निरोप दाखवला. तिने पुन्हा त्याच गोळ्या लिहिल्या. "आधी हा कोर्स संपवा, आई. मग बायकांच्या डॉक्टरला दाखवा. त्यांनी काही नाही म्हटलं तर चिठ्ठी देऊ." नोर्काने भांडून तारीख मिळवली. १४ ऑगस्ट.

मोजलं. लिओन्सिओला रक्त दिसल्यापासून नळी घालेपर्यंत चार दिवस. मला त्यांच्या हातात कागद आल्यापासून एक्कावन्न.

आज मेणबत्ती लावली नाही. लावावीशी वाटली नाही. हे लिहितानाही भीती वाटते.

१४ ऑगस्ट

नळी घालून पाहिल्यावर डॉक्टरांनी आज पहिल्यांदा मला आई म्हटलं नाही. "सेन्योरा एतेल्विना, बसा," म्हणाले. तेव्हाच कळलं.

कॅन्सर पिशवीच्या मांसापर्यंत गेलाय. लिओन्सिओचा वरवर होता, माझा आत. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. ही वही मी बरोबर नेली होती, मागची पण. गोळ्यांची पहिली नोंद २१ डिसेंबर १९९५, ओतुस्कोला माउलीच्या दर्शनाला चालत जाऊन आल्यावर. वीस महिने. त्यांनी ती नोंद वाचली आणि म्हणाले, "काम काय करता तुम्ही?" मी माझे हात टेबलावर ठेवले. या वेळी लिहिलं त्यांनी.

बाहेर नोर्का भेटली. म्हणाली, "पुरुषाला रक्त दिसलं की नळी घालतात. बाईला दिसलं की गोळ्या देतात. हा रोग पुरुषांनाच जास्त होतो, सेन्योरा, पण आमच्या वॉर्डातून बायका लवकर जातात." मग जीभ चावली. मी म्हटलं, "राहू दे पोरी. खरं सांगितलंस, पहिलीच तू."

२६ ऑगस्ट

पिशवी काढावी लागेल, तिच्याबरोबर गर्भाशय आणि आतलं आणखी काही. पोटाला भोक पाडून तिथे कायमची थैली. संमतीचा कागद डॉक्टरांनी लिओन्सिओपुढे सरकवला. मी म्हटलं, "मी शालान्त पास आहे, मला वाचता येतं." ते म्हणाले, "हो हो, पण इथे नवऱ्याची सही लागते." मार्चमध्ये याच्या कागदावर माझी सही कुणी मागितली नव्हती.

लिओन्सिओने ओठ हलवत कागद वाचला. मग खालच्या आवाजात विचारलं, "आणि त्यानंतर, डॉक्टर, म्हणजे... संसाराचं काय?"

डॉक्टरांना लगेच कळलं. मला जिना उतरेपर्यंत कळलं नाही.

तो वाईट माणूस नाही. सही केली. बसपर्यंत माझी पिशवी त्याने धरली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. घरी आल्यावर भात लावला, करपवला, आणि म्हणाला, "नेलिदाला बोलावून घेऊ का लीमाहून? माझ्या जेवणाचं तरी बघेल." मी करपलेला भात खाल्ला. तांदूळ टाकवत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

माझी पोयादा. शुक्रवारी उस्ताद मंडळी जमली. हिशेब, बीअर, गाणी, सगळं ठरलं. मग कुणीतरी विचारलं, "कोंबड्यांना मसाला कोण लावणार?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

झोइला म्हणाली, "मी लावीन हो, कोमाद्रे. पण तुझ्या हातची चव मला जन्मात साधायची नाही."

"झोइलाची कोंबडी खाल्ली तर तिसरी पोयादा घालावी लागेल," लिओन्सिओ म्हणाला. हशा झाला.

मीच लावला. तीस कोंबड्या, अधूनमधून बसून. एकशे वीस कार्डं छापली, ऐंशी खपली. लोक म्हणतात, एका घराची वर्षात किती पानं खायची? कार्डावर छापलंय: उस्ताद लिओन्सिओच्या बायकोच्या प्रकृतीसाठी.

झोइलाला विचारलं, "माझं नाव का नाही?"

"अगं, तुझं नाव कोण ओळखतं? उस्तादाचं घातलं की खपतात."

५ सप्टेंबर

डोंगरातून, सांतियागो दे चूकोहून, धाकटी बहीण दोमितिला लिहिते. लग्न होऊन वर जाण्यापूर्वी ती सहा वर्षं माझ्याकडे होती. मेंढ्या, पाऊस, नवऱ्याचा, म्हणजे आन्सेल्मोचा, गुडघा, सगळं लिहून झाल्यावर शेवटी बारीक अक्षरात: "ताई, मला लघवीला जळजळतं आणि कधी कधी लाल दिसतं. आरोग्यकेंद्रात गोळ्या दिल्या, तिसऱ्यांदा. म्हणतात, वयाचं आहे. तू काळजी करू नकोस."

पत्र तीनदा वाचलं. मग बसच्या कचेरीत पाकिटाचा दर विचारून आले.

८ सप्टेंबर

पत्राची नक्कल इथे ठेवते.

प्रिय दोमितिला,

घोडशेपटीचा काढा पितेस तो पी, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस. गोळ्याही पुरे. कदाचित तुझं वयाचंच असेल, देव करो आणि तसंच असो. पण ते डोळ्यांनी बघून सांगू दे, अंदाजाने नको.

खाली मोठ्या दवाखान्यात ये. जळजळ म्हणू नकोस, जळजळीला गोळी मिळते. रक्त म्हण, आणि पहिल्या वाक्यात म्हण. काम काय असं विचारलं तर घरी असते म्हणू नकोस. सहा वर्षं रोज बुटांना रंग आणि थिनर लावलाय, असं सांग, आणि ते लिहून घेईपर्यंत खुर्चीवरून उठू नकोस. नळी घालून बघा म्हण. हसले तर हसू दे. आई म्हणतील, आजी म्हणतील. आरोग्यकेंद्राची चिठ्ठी मागितली तर नोर्का नावाच्या परिचारिकेला माझं नाव सांग. माझं, लिओन्सिओचं नव्हे.

आणि कुणीच ऐकलं नाही तर बाटलीवर आन्सेल्मोचं नाव लिही. माझ्या या खोट्याबद्दल फादरनी पाच जपमाळा सांगितल्या. तुझ्या वाटच्या पाच मी काल म्हणून ठेवल्या आहेत, तेव्हा पापाची चिंता करू नकोस.

पाकिटात भाड्याचे वीस सोल आहेत. आन्सेल्मोला सांगू नकोस, तो म्हणेल मेंढ्या कोण बघणार. मेंढ्या दोन दिवस स्वतःकडे बघतील.

माझी शस्त्रक्रिया शुक्रवारी, १९ तारखेला आहे. डॉक्टर नुसतं "बघू" म्हणतात. बुधवारच्या गाडीने पत्र दिलंस तर गुरुवारी माझ्या हातात पडेल. दवाखान्यात दाखवायला खाली कधी येतेस, ते उलट टपाली कळव. एक ओळ पुरे, पण गुरुवारपर्यंत कळव.

तुझी ताई,
एतेल्विना